डिसेंबरात आठवडाभर पुण्यात गाणं ऐकायचं असेल तर

लातूरच्या एका ताईंनी विचारलंय की डिसेंबरात आठ दिवस सुट्टी काढून पुण्याला यायचंय, सवाई, म्हणजे सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव, तर ऐकायचंच आहे पण नुसतं सवाई नको, शहरात अजून काय लाइव्ह ऐकता येईल, दिवस कसे आखायचे, आणि शास्त्रीय संगीत आवडतं पण कळत नाही तर आठवडाभर ऐकून कंटाळा येईल का. मी पुण्यात राहतो, तबला वाजवतो, गायकांच्या साथीला बसतो आणि शिकवतो, त्यामुळे हा आठवडा स्टेजवरून पण बघितलाय आणि खाली सतरंजीवर बसून पण. सविस्तरच लिहितो.

सगळ्यात आधी हे, ताई, की जास्तीत जास्त कलाकार ऐकायचे असं ठरवून येऊ नका. पहिल्यांदा येणारे बहुतेक लोक हेच करतात, पत्रिका हातात घेतात, मोठ्या नावांवर खुणा करतात आणि दुपारी तीनपासून रात्री दहापर्यंत एका जागेवर बसून राहतात, आणि तिसऱ्या दिवशी विचारलं काल काय ऐकलं तर नावं सांगतात, राग विचारला की गप्प. यात त्यांचा दोष नाही, कान थकतो. सलग चार तासांनंतर कानाला बारीक काही ऐकूच येत नाही, नुसता आवाज येत राहतो. म्हणून माझं सांगणं असं की दिवसाला एकच गाणं पूर्ण ऐका, पूर्ण म्हणजे तानपुरे लागताना जागेवर असायचं आणि कलाकार हात जोडेपर्यंत हलायचं नाही, फोन बॅगेत. बाकीचं पण ऐका पण सैल बसून ऐका, मधे उठा, चहा प्या, फिरून या, त्याचं काही वाईट वाटून घेऊ नका. आणि आठवड्यातले किमान दोन दिवस छोट्या सभागृहासाठी ठेवा. मंडपात तुम्हाला कलाकार दिसतो, छोट्या बैठकीत त्याचा खरा आवाज ऐकू येतो, आणि तो एकदा ऐकला की मग मंडपातलं पण वेगळं ऐकू यायला लागतं. म्हणून शक्यतो छोटी बैठक आधी आणि सवाई नंतर.

आता तारखा. सवाई बहुतेक वेळा डिसेंबरच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात असतो, अलीकडे बुधवार ते रविवार असे पाच दिवस. त्यामुळे तुम्ही रविवारी रात्री किंवा सोमवारी सकाळी पुण्यात पोचा, सोमवार मंगळवार छोट्या मैफली, बुधवारपासून सवाई. तारखा जाहीर झाल्यावरच रजा टाका, दरवर्षी त्या थोड्या पुढेमागे होतात.

सवाई म्हणजे काय हे तुम्हाला माहीतच असेल तरी थोडक्यात. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. ते 1952 साली गेले आणि त्यांच्या पुण्यतिथीनिमित्त त्यांचे शिष्य पंडित भीमसेन जोशींनी 1953 पासून हा महोत्सव सुरू केला, आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवतं. 2011 च्या जानेवारीत भीमसेनजी गेले, त्यानंतर नावात त्यांचंही नाव आलं, सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. आम्ही पुण्यातले लोक मात्र नुसतं सवाई म्हणतो. पूर्वी बरीच वर्षं तो रमणबागेत व्हायचा, म्हणजे शनिवार पेठेतल्या न्यू इंग्लिश स्कूलच्या पटांगणात, 2018 पासून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात होतो. ज्यांनी रमणबागेतलं सवाई ऐकलंय त्यांच्याशी बोललात तर ते रात्रभर चालणाऱ्या सत्रांबद्दल सांगतील, लोक घोंगड्या पांघरून बसायचे, रात्री दोनला राग दरबारी आणि पहाटे ललत किंवा तोडी, आणि उजाडता उजाडता भैरवी. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले, त्यात रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, वर्षातले ठरावीक दिवस फक्त बारापर्यंत सूट मिळते. त्यामुळे आता रात्री दहाला सत्र संपतं, शनिवारी बहुतेक बारापर्यंत परवानगी असते, आणि रविवारी दुपारी बाराच्या सुमारास सुरू होतं.

हे नियमाचं मुद्दाम सांगितलं कारण त्याचा थेट परिणाम तुम्ही कुठले राग ऐकणार यावर होतो. आपल्याकडे रागाला वेळ आहे. दुपारी तीन-साडेतीनला जो कलाकार बसतो तो भीमपलास, मुलतानी, पटदीप, मधुवंती यातलं काहीतरी गाणार. सूर्यास्ताच्या आसपास ज्याचा नंबर लागतो त्याला मारवा, श्री, पूरिया, पूरियाधनाश्री. मग यमन, शुद्ध कल्याण, भूप. नऊच्या पुढे बिहाग, बागेश्री, केदार, जोगकंस, मालकंस. इथे बहुतेक सत्र संपतं. म्हणजे मध्यरात्रीनंतरचे आणि सकाळचे राग मंडपात जवळजवळ ऐकायला मिळत नाहीत, रविवारी दुपारी शुद्ध सारंग, गौड सारंग, वृंदावनी सारंग मिळतात आणि शनिवारी रात्री उशिरा दरबारीची शक्यता असते, म्हणून माझ्या मते शनिवारची रात्र आणि रविवारची दुपार या दोन वेळा चुकवू नयेत. पाच दिवस जमणार नसतील आणि दोनच दिवसांची तिकिटं घ्यायची असतील तर हेच दोन घ्या.

आणि रोजचं पहिलं गाणं. दिवसाचा पहिला कलाकार बहुतेक तरुण असतो, सवाईच्या स्टेजवर पहिल्यांदा बसलेला किंवा बसलेली, आणि समोर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असतात कारण लोक पाचनंतर ऑफिस सुटल्यावर येतात. मला याचं खरंच वाईट वाटतं. त्या मुलानं किंवा मुलीनं या पाऊण तासासाठी आयुष्यातली पंधरा-वीस वर्षं रियाझ केलेला असतो, तयारी जबरदस्त असते, आणि दुपारचे राग ऐकायची तुमची ती एकमेव संधी असते. तुमच्याकडे सुट्टी आहे, ऑफिस नाही, तर तीनच्या आधी जाऊन पुढे बसा. मुलतानीचा तो उतरता कोमल रिषभ रिकाम्या मंडपात जसा ऐकू येतो तसा भरलेल्या मंडपात नाही येत, लोकांच्या हालचालीचा आवाजच खूप असतो. तुमचं दिवसाचं एक पूर्ण गाणं हेच ठरवलंत तर उत्तम, नंतर कान ताजा नसतो.

तिकिटाचं साधं आहे. सीझन तिकीट असतं आणि रोजचं पण असतं, खुर्चीचं महाग, भारतीय बैठकीचं स्वस्त. खुर्चीची सीझन तिकिटं लवकर संपतात. गुडघे ठीक असतील तर भारतीय बैठक घ्या, तिथे जागा आधी येईल त्याला, शेजारी दर्दी लोक भेटतात, आणि कुणी ना कुणी तुम्हाला राग सांगतं. चुकीचा पण सांगतात कधीकधी, ते असो. बसायला पातळ गादी किंवा उशी, पाठीला आधार लागत असेल तर घडीची बैठी खुर्ची, आणि शाल, टोपी, स्वेटर नक्की आणा. लातूरची थंडी वेगळी, डिसेंबरात पुण्यात रात्री पारा सहज दहा-बारा अंशांवर येतो आणि उघड्या मैदानात जमिनीवर बसल्यावर ती थंडी खालून लागते.

मंडपात बसायचं कुठे, तर सगळ्यात पुढे नाही. तिथे कलाकार दिसतो छान पण आवाज बाजूच्या स्पीकरांमधून डोक्यावरून जातो. मधल्या रांगेत, साधारण जिथे साउंडवाल्यांचा मिक्सर असतो त्याच्या जरा पुढे जागा मिळाली तर बघा, कारण तो माणूस आवाज जुळवतो तो त्याच्या कानाला जसा येतो तसा, मग तुम्हाला पण तोच आवाज येणार. खांबाला टेकून आरामात बसायच्या नादात स्पीकरच्या शेजारी बसू नका, दोन तासांत डोकं दुखतं.

जायला मेट्रो आहे आता. स्वारगेट स्टेशनला उतरायचं, तिथून मुकुंदनगर जवळ आहे, रिक्षा करा नाहीतर चालत जा. वनाज-रामवाडी मार्गावर कुठे राहिलात, म्हणजे कोथरूड किंवा डेक्कनला, तर सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची. शेवटच्या मेट्रोची वेळ जातानाच बघून ठेवा, शनिवारी रात्री मेट्रो मिळणार नाही आणि रिक्षा त्यावेळी हजारो लोकांना एकदमच हवी असते. स्वतःची गाडी आणू नका, पार्किंग शोधण्यात तुमचा मारवा जाईल.

आता छोट्या मैफली, आणि मला खरं बोलायचंय ते याच्याबद्दल. पुण्यात वर्षभर संध्याकाळी कुठे ना कुठे गाणं असतंच. जागा लक्षात ठेवा: टिळक स्मारक मंदिर, हिराबागेतलं ज्योत्स्ना भोळे सभागृह, नवी पेठेतलं निवारा सभागृह आणि एस. एम. जोशी सभागृह, शनिवार पेठेतलं सुदर्शन रंगमंच, सेनापती बापट रस्त्यावर भारतीय विद्या भवन, शिवाय गांधर्व महाविद्यालय आणि भारत गायन समाज या जुन्या संस्था. भारत गायन समाज भास्करबुवा बखल्यांनी 1911 साली काढला, म्हणजे बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव ज्यांच्याकडे शिकले ते बुवा. नुसतं कार्यक्रमासाठी नाही, सहज म्हणून पण जाऊन या. भारतीय विद्या भवनात विनामूल्य कार्यक्रम बरेच होतात. कुठे काय आहे हे कळायला सगळ्यात सोपं म्हणजे इथल्या मराठी पेपरात रोज येणारं आजच्या कार्यक्रमांचं सदर, आणि सभागृहांच्या बाहेरचे बोर्ड. सवाईच्या पाच दिवसांत बाकीचे आयोजक संध्याकाळी कार्यक्रम ठेवायला धजत नाहीत, म्हणून तर सोमवार-मंगळवार सांगितला. शिवाय या दिवसांत बाहेरगावचे कलाकार पुण्यात उतरलेले असतात, त्यांच्या घरगुती बैठका होतात, पन्नास-साठ माणसं, एखाद्याचा मोठा हॉल नाहीतर सोसायटीचं क्लबहाउस. त्यांची जाहिरात नसते. ओळखीतून कळतं. पुण्यात तुमचे कुणी गाणं शिकणारे नातेवाईक असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा, गुरूच्या घरी विचारा म्हणावं.

फरक काय पडतो ते सांगतो. महोत्सवात कलाकाराला वेळ मिळतो पाऊण तास ते तास, फार मोठं नाव असेल तर थोडा जास्त. तेवढ्यात त्याला संथ मोठा ख्याल, जलद छोटा ख्याल आणि लोकांनी वाट बघितलेली ठुमरी नाहीतर अभंग असं सगळं बसवायचं असतं. मग राग उलगडायचा वेळ कमी होतो, तान लवकर येते, टाळ्या लवकर येतात. त्यात गैर काही नाही, दहा हजार लोकांना धरून ठेवणं ही वेगळी कला आहे आणि भीमसेनजींनी ती कशी केली हे सगळ्या जगाने ऐकलंय. पण छोट्या बैठकीत तोच गायक एक राग दीड तास गातो. पहिली वीस मिनिटं तो षड्जाच्या म्हणजे सा च्या आजूबाजूलाच असतो, मंद्रात म्हणजे खालच्या सप्तकात जातो, परत येतो, गंधार म्हणजे ग नुसता दाखवतो आणि मागे घेतो, आणि तुम्ही त्या गंधाराची वाट बघायला लागता. ही वाट बघणं म्हणजेच राग कळणं, ताई. थिअरीतलं वादी-संवादी (रागाचे मुख्य स्वर) पाठ नसलं तरी काही अडत नाही. माइक नसेल किंवा अगदी हलका असेल तर तानपुऱ्याच्या जवारीतून, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या घासलेल्या पृष्ठभागातून, निघणारे वरचे स्वर ऐकू येतात, नुसत्या षड्ज-पंचमाच्या तारांमधून गंधार पण ऐकू येतो, हे पहिल्यांदा ऐकलं की माणूस चकित होतो. मोठ्या स्पीकरमधून तो बहुतेक वेळा येत नाही.

छोट्या सभागृहात मात्र पुढे बसा. गायक मधे, तबला त्याच्या उजव्या हाताला म्हणजे तुमच्या डाव्या बाजूला, हार्मोनियम तुमच्या उजवीकडे, तानपुरे मागे, अशी सर्वसाधारण मांडणी असते. तुम्हाला लय समजून घ्यायची असेल तर डाव्या बाजूला बसा, तबलजीचे हात दिसतील. स्वर समजून घ्यायचे असतील तर उजवीकडे, हार्मोनियमवाला गायकाच्या मागे कसा जातो ते दिसेल.

कंटाळा येईल का, हा तुमचा प्रश्न. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, येतो, खरं आहे, कारण तिथे काय चाललंय ते कळत नाही. त्यासाठी एक गोष्ट शिकून या, समेची, म्हणजे तालाच्या फेऱ्याच्या पहिल्या मात्रेची, वाट बघायला. मोठा ख्याल बहुतेक वेळा विलंबित एकतालात असतो, बारा मात्रा, आणि किराण्याच्या पद्धतीने एवढा संथ की एका आवर्तनाला म्हणजे तालाच्या एका फेऱ्याला जवळपास मिनिट लागतं. मात्रा मोजत बसू नका, त्यात गाणं निसटतं. डग्ग्याकडे, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डाव्या हाताच्या खर्जाच्या वाद्याकडे, लक्ष द्या. ठेका असा आहे: धिं धिं धागे तिरकिट तू ना कत् ता धागे तिरकिट धी ना. सुरुवातीच्या धिं धिं धागेत डग्गा घुमतो, मग तू ना कत् ता इथे घुमणं बंद होतं, कत् म्हणजे डग्ग्यावर बंद हात. ही मधली कोरडी जागा. आणि नवव्या मात्रेला धागे येतो तेव्हा डग्ग्याचा घुमारा परत येतो. तो परत आला की समजायचं सम जवळ आली, अजून तिरकिट, धी, ना, आणि मग सम. गायक त्याच वेळी मुखडा, म्हणजे बंदिशीची समेवर नेणारी सुरुवातीची ओळ, उचलायच्या तयारीत असतो, तुम्हाला त्याचा श्वास दिसेल. दोन आवर्तनं नुसता डग्गा ऐका, तिसऱ्याला तुमचं डोकं आपोआप समेवर हलेल. सोळा मात्रांच्या तीनतालात पण हेच, नवव्या मात्रेला काल म्हणजे रिकामी जागा, तिं तिं ता ता इथे डग्गा गप्प, चौदाव्याला धिं म्हणून परत येतो, मग फक्त धिं, धा आणि सम. घरी फोनवर तबल्याचं ॲप लावून चार दिवस स्वयंपाक करता करता ऐकलंत तरी एवढं जमतं.

हे जमलं की कंटाळा कुठे जातो कळत पण नाही, कारण आता गायक समेला कसा येतोय हाच खेळ होतो. कुणी सरळ चालत येतो, कुणी आवर्तनभर दुसरीकडेच असल्यासारखं दाखवतो आणि शेवटच्या दोन मात्रांत मुखडा पकडतो, ग्वाल्हेरवाले तिलवाडा तालात बोलअंगाने, म्हणजे शब्दांशी खेळत, कसे येतात आणि जयपूरवाले तानेतून वळसे घेत घेत कसे येतात ते वेगळं, आग्र्याच्या गायकाला लयीशी खेळायला आवडतं, तिथे तबलजीला पण मजा येते. घराणी ही अशी समेवर ऐका. पुस्तकातलं वर्णन वाचून कळत नाहीत.

अजून एक, ट्यूनिंगबद्दल. दोन गाण्यांच्या मधे तबलजी हातोडी घेऊन ठोकत बसतो आणि लोक वैतागतात की सुरू करा ना लवकर. काय होतं बघा, स्टेजवर दिवे असतात, त्याच्या गरमीने तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सुकते, ताणली जाते आणि स्वर चढतो, पण तानपुऱ्याच्या तारा गरम झाल्या की सैल होतात आणि उतरतात. दोघं विरुद्ध दिशेला जातात. रात्र वाढली की बाहेर दव पडायला लागतं, पुडी ओल धरते आणि उतरते, तारा थंड होऊन चढतात, म्हणजे परत उलटं. त्यात सत्रात आधी काळी एक या खालच्या पट्टीतला पुरुष गायक आणि लगेच काळी चार किंवा काळी पाचमधल्या गायिका असतील तर तबलाच बदलावा लागतो, वरच्या स्वराला लहान तोंडाचा तबला लागतो. वादीखालचे लाकडी गठ्ठे खालीवर करायचे, मग गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, एकेक घर लावायचं, सगळीकडून एकच स्वर आला पाहिजे. ती पाच मिनिटं तुम्ही पण कान लावून बसा. तबला आणि तानपुरा एकमेकांत मिसळून जातात तो क्षण ऐकू येतो, अक्षरशः दोन आवाजांचा एक होतो, आणि तो एकदा ओळखता आला की बेसूर काय ते कुणी शिकवावं लागत नाही.

सवाईच्या दिवसांत सकाळी काय करायचं, तर गणेशखिंड रस्त्यावर सवाई गंधर्व स्मारक आहे, तिथे महोत्सवाच्या काळात सकाळी षड्ज नावाने संगीतावरचे माहितीपट दाखवतात आणि अंतरंग नावाने कलाकारांच्या गप्पा असतात. हे बऱ्याच बाहेरच्या लोकांना माहीतच नसतं. मोठ्या कलाकाराला बोलताना ऐकणं, तो कसा शिकला, गुरूने काय मारून-मुटकून करून घेतलं, कुठला राग किती वर्षं हातात येत नव्हता, आणि मग संध्याकाळी त्याचंच गाणं, याचा फार उपयोग होतो. त्या दिवशी तुमचं एक पूर्ण गाणं त्याचंच ठेवा. पण रोज सकाळी पण जाऊ नका, एक-दोन सकाळी पूर्ण शांत ठेवा. कानात हेडफोन घालून काल ऐकलेल्याच रागाचं रेकॉर्डिंग ऐकू नका, असं बरेच लोक करतात, त्याने कालचं पुसलं जातं. परत गेल्यावर ऐका.

मंडपात स्टॉल असतात, पुस्तकं, वाद्यं, खायचं सगळं. वाद्यांच्या स्टॉलवर थांबा, मिरजेचा तानपुरा दिसला तर हात लावायची परवानगी मागा आणि छेडून बघा. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, भोपळा निवडण्यापासून जवारी काढण्यापर्यंत सगळं हाताने करणारी घराणी आहेत तिथे. घ्यायचाच असेल तर मात्र गर्दीत घेऊ नका, नंतर मिरजेला जा.

वागण्याचं थोडं. आलापी चालू असताना उठून जाऊ नका, जायचंच असेल तर समेनंतर किंवा दोन रचनांच्या मधे. रेकॉर्डिंग करू नका, परवानगी नसते आणि मागच्या माणसाला तुमच्या फोनचा उजेड दिसतो. दाद द्यायला लाजू नका, छोट्या बैठकीत तुमचा एक मनापासूनचा वा गायकापर्यंत पोचतो आणि तो खरंच पुढचं वेगळं गातो, हे मी शेजारी बसून अनुभवलंय. पण तान चालू असताना मधेच टाळ्या नकोत, सम येऊ द्या. लहान मुलं आणणार असाल तर आणा, फक्त कडेला बसा म्हणजे बाहेर नेता येतं. मुलांनी हे ऐकलंच पाहिजे.

विनामूल्य कार्यक्रमाला गेलात आणि दानपेटी ठेवलेली असेल तर पैसे टाका. छोट्या मैफली चालवणारे आयोजक बहुतेक वेळा खिशातले घालतात, सभागृहाचं भाडं, साउंड, कलाकाराचं मानधन, आणि पैसे कमी पडले की पहिली कात्री साथीदारांच्या पाकिटाला लागते, तबला, पेटी आणि तानपुऱ्यावर बसलेली विद्यार्थिनी. मला स्वतःला मानधन महिनोन्महिने न मिळण्याचे अनुभव आलेत, माझ्या बरोबरीच्या सगळ्यांनाच आलेत. तिकीट लावलेली छोटी मैफल असेल तर पास मागू नका, तिकीट काढा. महोत्सव आपल्या जागी मोठा आहे, पण तिथे बसणारा कलाकार आधी वीस वर्षं या छोट्या हॉलमधेच तयार होतो.

रविवारी शेवटपर्यंत थांबा. समारोप किराणा घराण्याकडे असतो, बरीच वर्षं तो डॉ. प्रभाताई अत्रे करायच्या, 13 जानेवारी 2024 ला त्या गेल्या. सगळं संपल्यावर सवाई गंधर्वांची भैरवीतली जुनी ध्वनिमुद्रिका लावतात, लोक त्याच्यासाठी उभे राहतात. जुन्या काळातलं रेकॉर्डिंग आहे, दोन-तीन मिनिटांचंच, खरखर आहे, तरी गाड्या काढायच्या घाईत ते चुकवू नका. सोमवारी दुपारची गाडी पकडा, रात्रीची धरलीत तर शेवटचा कलाकार सोडून पळावं लागेल.

पत्रिकेतून निवडायचं कसं ते राहिलं. माझी पद्धत अशी की दिवसाला चार-पाच कलाकार असतात त्यात एक कंठसंगीत नक्की, एक वाद्य, आणि तिसरं असं की ज्याचं नाव कधीच ऐकलेलं नाही. नृत्य किंवा जुगलबंदी असेल त्या वेळात जेवून या, म्हणजे जुगलबंदी वाईट असते असं नाही, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्यातली सवाल-जवाबाची चढाओढ लगेच आवडते आणि त्यानंतर संथ ख्याल ऐकायला मन बसत नाही, म्हणून ती शेवटी असेल तरच ऐका. वाद्यात सरोद किंवा बासरी आधी, संतूर-सतार नंतर, कारण सरोद-बासरीत गायकीची मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, सरळ ऐकू येते. आणि स्वतंत्र तबलावादन पत्रिकेत असेल तर प्लीज थांबा, पेटी किंवा सारंगीवर एकच लहरा, म्हणजे ठरावीक सुरावट, तासभर फिरत राहतो आणि त्याच्यावर पेशकार, कायदे, रेले, गती, चक्रदार अशा तबल्याच्या रचनांचा सगळा प्रवास होतो. पुण्यात तबल्याला फार चांगला कान आहे, उस्ताद अहमदजान थिरकवा खाँसाहेब बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत होते तेव्हापासून महाराष्ट्राने तो तबला मुरवलाय, आणि पंडित सुरेश तळवलकरांसारख्या गुरूंमुळे पुढची पिढी पण तयार आहे.

डिसेंबर जमलाच नाही तर जानेवारी-फेब्रुवारीत या. डॉ. वसंतराव देशपांड्यांच्या स्मृतीत वसंतोत्सव होतो, व्हायोलिन अकादमीचा स्वरझंकार होतो, किशोरीताई आमोणकरांच्या नावाने गानसरस्वती महोत्सव होतो. गर्दी सवाईपेक्षा कमी, तिकीट सहज मिळतं, आणि त्या दोन महिन्यांत छोट्या मैफली पण भरपूर असतात. फक्त ऐकायला एकट्या येणार असाल तर मी तर म्हणेन फेब्रुवारीच बरा, थंडी पण उतरलेली असते. घरच्यांना घेऊन यायचं असेल, मुलांना दहा हजार माणसं एका षड्जावर शांत बसलेली दाखवायची असतील, तर मात्र डिसेंबरच.